बार माझ्या मांडीवर टेकला, तिच्या नाही

वाचक लिहितात:

मी कराड तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये शिकवते. मागच्या डिसेंबरात आठवीची सहल थीम पार्कला नेली होती. ८४ मुलं आणि आम्ही पाच शिक्षक. दुपारी एका राइडच्या रांगेत दीड तास उभं राहिल्यावर आमचा नंबर लागला. माझ्या शेजारी वर्गातली सगळ्यांत लहानखुरी मुलगी बसली. अंग सीटवर दाबून धरणारा आडवा बार दोघींना मिळून एकच होता. तो माझ्या मांडीवर टेकला आणि तिथेच थांबला, तिच्या मांडीपासून वीतभर वर. मी ऑपरेटरला खूण केली. तो म्हणाला, "काही होत नाही मॅडम, घट्ट धरून बसा." मागे एवढी रांग, मुलं ओरडत होती. मी गप्प बसले. राइड सुरू झाली तशी ती सीटवरून उचलली जायला लागली. मी सगळा वेळ तिचा दंड पकडून ठेवला. उतरलो तेव्हा तिच्या दंडावर माझ्या बोटांचे वळ होते आणि ओठ फुटला होता. ती रडली नाही, कुणाला काही बोलली नाही. मीही नाही. यंदा मुलांनी पुन्हा तेच ठिकाण मागितलंय आणि मुख्याध्यापकांनी जबाबदारी माझ्यावर टाकली आहे. सहकारी म्हणतात, बाई उगाच घाबरतात. मी नाही म्हणू का? गेलेच तर काय बघायचं? आणि त्या गर्दीत मुलं सांभाळायची कशी?

— एक शिक्षिका

बाई,

तुम्ही उगाच घाबरत नाही. तुम्ही जे पाहिलंत ते बरोबर पाहिलंत, आणि त्या फलाटावर ते कळलेल्या बहुधा तुम्ही एकट्याच होतात.

दोघांना मिळून एक बार असतो तेव्हा तो दोघांतल्या मोठ्या माणसाच्या अंगावर टेकून थांबतो. त्यात तुमची काही चूक नाही, तुमच्या अंगलटीचीही नाही. बाराची रचनाच तशी आहे. शेजारी दोघं साधारण सारख्या बांध्याची बसवायची, हे ऑपरेटरचं काम. ते त्याने केलं नाही. आणि "घट्ट धरून बसा" हे तर त्याने बोलायलाच नको होतं. चढाच्या माथ्यावरून गाडी खाली वळते तेव्हा अंग मात्र आधीच्याच दिशेने, वर जायला बघतं. त्याला गाडीबरोबर खाली आणतो तो मांडीवरचा बार. मध्ये वीतभर जागा राहिली की मूल आधी वीतभर वर जातं आणि मग बारावर आपटतं. फुटलेला ओठ तिथूनच आला असणार. बाराने माणसाला धरायचं असतं. माणसाने बाराला धरून जीव वाचवायचा, अशी ती सोय नव्हे. तेरा वर्षांच्या मुलीच्या मनगटात तेवढी ताकद नसते, माझ्याही नाही.

राइडच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते ना, तीही याचसाठी. मुलांना वाटतं ती धीटपणाची परीक्षा आहे, म्हणून टाचा उचलतात, बुटात रुमाल कोंबतात. पार्कवालेही कधी समजावून सांगत नाहीत. सीट, पाठ, बार आणि पट्टा एका ठरावीक मापाच्या शरीरासाठी बनवलेले असतात. त्या मापात न बसणाऱ्याला यंत्र धरू शकत नाही, एवढाच त्या पट्टीचा अर्थ. फार मोठ्या शरीराच्या माणसालाही हेच लागू, कारण त्याच्या अंगावर खांद्यावरचा बार पूर्ण खाली येत नाही. मुलांना हे कारणासकट सांगा. कारण कळलं की टाचा उचलणं बरंच कमी होतं, असा माझा अनुभव आहे.

मी कोण सांगणारा, तेही सांगतो. माझी नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या यांत्रिकी शाखेतली. त्यातली बरीच वर्षं जत्रेतले आकाशपाळणे, ब्रेकडान्स, टोराटोरा, कोलंबस यांची तपासणी करण्यात गेली. आपल्या भागातल्या मुलांची पहिली राइड म्हणजे पुसेगावच्या किंवा पालच्या यात्रेतला पाळणा. पार्क नंतर येतं. एका यात्रेत (गाव सांगत नाही) मी पाळण्याच्या बकेटीखाली वाकून बॅटरी मारली. बकेट ज्या पिनेवर झुलते ती पीन निसटू नये म्हणून तिच्या टोकाला कॉटर पीन असते. तिथे कॉटर पीन नव्हती. दोन इंची खिळा घालून वाकवलेला होता, आणि तो रोजच्या घासण्याने मधोमध झिजून चकचकीत झाला होता. मालक म्हणाला, "साहेब, दहा वर्षं असंच चालतंय." मी पाळणा थांबवला. त्यानंतर जे झालं ते मी विसरलेलो नाही. मालक भांडला नाही. भांडली ती रांग. तिकीट काढून उभे असलेले लोक, कडेवर पोरं घेतलेले बाप, मला शिव्या देत होते. त्यांच्याच पोरांना त्या बकेटीत बसायचं होतं.

म्हणून तुमच्या पत्रातली "मागे एवढी रांग" ही ओळ मला बाराएवढीच महत्त्वाची वाटते. गर्दी आणि राइडची सुरक्षितता हे दोन वेगळे विषय धरले जातात. प्रत्यक्षात ऑपरेटरचा हात घाई करायला लागतो तो रांगेकडे बघूनच. सकाळी अकरा वाजता तो प्रत्येक बार वर ओढून बघतो. दुपारी तीन वाजता नुसती नजर फिरवतो. पाच वाजता अंगठा दाखवतो.

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्समध्ये २ जून २०१५ रोजी 'स्मायलर' या रोलर कोस्टरची भरलेली गाडी रुळावर अडकून उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीवर आदळली. दोन तरुणींना एकेक पाय गमवावा लागला. यंत्राचा दोष नव्हता. रुळाचे विभाग पाडलेले असतात आणि एका विभागात एकच गाडी, हा रेल्वेच्या सिग्नलसारखाच नियम संगणक पाळत असतो. त्या दिवशीही त्याने पुढे गाडी आहे हे ओळखून मागची थांबवली होती. चार गाड्यांच्या जोडीला पाचवी गाडी घातली होती, हे दुरुस्ती करणाऱ्यांतल्या काहींना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं संगणकच चुकतोय, आणि त्यांनी त्याला बाजूला सारून गाडी सोडली. पार्क चालवणाऱ्या कंपनीला पुढच्या वर्षी ५० लाख पौंडांचा दंड झाला. अमेरिकेत ऑरलँडोला मार्च २०२२ मध्ये ४३० फुटी मनोऱ्याच्या राइडवरून चौदा वर्षांचा मुलगा पडून गेला. वयाच्या मानाने शरीराने मोठा होता. त्याच्यासारख्यांना बसता यावं म्हणून बार पुरता लागला की नाही हे ओळखणारा त्या सीटचा सेन्सर हाताने सैल करून ठेवला होता, आणि जोडीला साधा पट्टाही नव्हता. दोन्हीकडे यंत्र 'थांबा' म्हणत होतं किंवा म्हणालं असतं. माणसांनी त्याला गप्प केलं.

हे सांगून मी तुमची भीती वाढवत नाहीये. उलट यातूनच तुमच्या हातात काय आहे ते दिसतं. वेल्डिंगला तडा गेलाय का, हे तुम्हाला रांगेतून कळणार नाही. अहमदाबादच्या कांकरियाला १४ जुलै २०१९ च्या रविवारी पेंड्युलम राइडचा मुख्य दांडा तुटून दोन जण गेले. त्यात बसलेल्या कुणालाही ते आधी कळणं शक्य नव्हतं. ती जबाबदारी मालकाची आणि तपासणाऱ्यांची, तुमची नाही. पण बार लागला की नाही, हे बसलेल्या माणसाइतकं कुणालाच कळत नाही. गाडी सुटण्याआधीचं ते अर्धं मिनिट तुमचं आहे. त्या अर्ध्या मिनिटात "थांबवा" म्हणायची तुम्हाला आणि मुलांना सवय हवी. आणि सवय लावावी लागते. ऐन वेळी, दोनशे माणसं बघत असताना, ती आपोआप येत नाही. तुम्हाला आली नाही, यात नवल काही नाही.

तेव्हा सहलीच्या आदल्या आठवड्यात पटांगणात दोन बाक टाका आणि कवायतीची एक काठी घ्या. एक थोराड आणि एक लहानखुरं मूल शेजारी बसवा आणि काठी आडवी मांडीवर ठेवा. काठी आणि लहान मुलाच्या मांडीच्या मधली फट सगळ्या वर्गाला दाखवा. मग सारख्या अंगाची दोघं बसवा आणि पुन्हा दाखवा. बार तपासायचा तो खाली दाबून नाही, वर ढकलून. वर ढकलल्यावर उचलला गेला किंवा मांडीला टेकलेलाच नसला तर दोन्ही हात डोक्यावर फुली करून, सगळ्यांनी मिळून, पोटातून आवाज काढून ओरडायचं: "थांबवा!" नुसते हात वर करू नका, कारण मजेतही मुलं हात वर करतात. प्रत्येकाला एकदा ओरडायला लावा. लाजरी मुलं पहिल्यांदा कुजबुजतील. त्यांच्याकडून तीनदा करून घ्या, खरी गरज त्यांनाच आहे. शेजारी ओरडला की आपणही ओरडायचं, का म्हणून विचारायचं नाही, हेही ठरवून टाका. असं थांबवल्याने फलाटावर फार तर दोन मिनिटं जातात. ऑपरेटर सगळे बार उघडतो, दोघांना बदलून बसवतो, पुन्हा लावतो. तो कुरकुरला तर कुरकुरू दे. नाहीच ऐकलं तर उतरायचं. गाडी सुटेपर्यंत उतरायचा हक्क प्रत्येकाला आहे.

पाचही शिक्षकांनी एकाच वेळी राइडवर बसायचं नाही. एकाने तरी नेहमी खाली, जिथून ऑपरेटर दिसतो आणि त्याला आपण दिसतो, अशा जागी उभं राहायचं.

राइड मध्येच थांबली आणि माणसं वर अडकली, तर मुलांना आधीच सांगून ठेवा की बहुतेक वेळा हे यंत्राने आपलं काम केल्याचं लक्षण असतं. बार उघडायचा नाही, उतरायचं नाही, कर्मचारी येईपर्यंत बसून राहायचं. राइड बंद ठेवली असेल तर पैशांसाठी भांडायला काउंटरवर जा, पण ती चालू करा म्हणून ऑपरेटरशी भांडू नका. रोज सकाळी रिकामी फेरी मारून, तपासणीच्या तक्त्यावर सही करून मगच राइड उघडायची असते. बुकिंग करताना सरळ विचारा: रोजच्या तपासणीची नोंद ठेवता का, प्रथमोपचार केंद्रात डॉक्टर असतो का, रुग्णवाहिका आवारात उभी असते का. चांगल्या ठिकाणी या प्रश्नांना राग येत नाही. जत्रेतल्या पाळण्याचं मात्र वेगळं आहे. तिथे पोलिसांची परवानगी, यांत्रिकी शाखेचा दाखला आणि विद्युत निरीक्षकाचं प्रमाणपत्र ही तिन्ही कागदं मालकाकडे असायला हवीत, तीही त्या यात्रेची. मागच्या गावची चालत नाहीत, कारण पाळणा प्रत्येक गावात खोलून नव्याने जोडलेला असतो.

मुलींच्या ओढण्या आणि मोकळे केस यांबद्दल कडक राहा. २०१८ मध्ये हरियाणातल्या पिंजोरला गो-कार्टच्या चाकात केस अडकून एका तरुणीचा जीव गेला. घट्ट वेणी, ती आत खोचलेली, ओढणी बॅगेत. मुलींना ओशाळं वाटेल अशा रीतीने सांगू नका, पण सूट कुणालाही नको.

आता गर्दी. तिचा अंदाज घेता येतो. एका गाडीत २४ जागा असतील आणि तुमच्या घड्याळात दर तीन मिनिटांनी गाडी सुटत असेल, तर तासाला ४८० माणसं बसतात. पुढे हजार माणसं दिसली तर दोन तास धरून चाला, आणि तुमच्या ८४ मुलांनाच चार फेऱ्या लागतील. दोन तास उन्हात उभं राहिलेलं मूल पाणी प्यायलेलं नसतं, पोटात सकाळचा वडापाव असतो आणि त्याच अवस्थेत ते उलटंपालटं होतं. चक्कर आणि ओकारी बहुतेक इथली असते. शनिवार-रविवार टाळा, नाताळची सुट्टी टाळा. दरवाजा उघडतो तेव्हा तिथे हजर राहा, मोठ्या राइड आधी उरका, जेवण साडेअकराला घ्या. दुपारी दोन ते चार, जेव्हा रांगा सर्वांत लांब आणि ऑपरेटर सर्वांत दमलेला असतो, तेव्हा मुलांना सावलीत बसवून एखादा खेळ दाखवा. कराडहून पहाटे निघालेली मुलं तशीही तोवर पेंगायला लागतात.

तुम्ही सातारा जिल्ह्यातल्या, म्हणजे मांढरदेव तुम्हाला सांगायला नको. २५ जानेवारी २००५ रोजी काळूबाईच्या यात्रेत निसरड्या पायऱ्यांवर जवळपास ३०० माणसं गेली. मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ ला पावसामुळे जिन्यात माणसं थबकली आणि २३ जीव गेले. दोन्हीकडे पायऱ्याच होत्या. तेव्हा जिना, उतार आणि अरुंद दरवाजा, या तीन जागी मुलांना कधीही थांबू देऊ नका. सेल्फीला नाही, कुणाची वाट बघायला नाही. एका चौरस मीटरमध्ये पाचहून जास्त माणसं झाली की गर्दी स्वतःच ढकलायला लागते, मग कुणी मुद्दाम ढकलायची गरज उरत नाही. हे मोजायला सोपी खूण अशी: हात उचलून स्वतःच्या गालाला लावता येत नसेल, तर ती जागा आत्ता सोडायची. अडकलोच, तर दोन्ही हात छातीसमोर घ्यायचे, म्हणजे श्वासाला जागा राहते. लोंढ्याच्या उलट जायचं नाही. तो जरा सैल पडला की तिरकं कडेला सरकायचं. चप्पल निघाली तर निघू दे. वाकायचं नाही. शेवटचं वाक्य बसमध्ये दोनदा सांगा, कारण आपल्या मुलांचा नव्या चपलेत जीव असतो आणि घरी आईचा मार आठवतो. चप्पल हरवली तर घरी कुणी रागावणार नाही, हे पालकसभेतच वदवून घ्या.

पार्कात बंद इमारतीतला गेम झोन असेल तर आत शिरताच दुसरा दरवाजा कुठे आहे तो बघा आणि तो उघडतो का तेही बघा. २५ मे २०२४ ला, सुट्टीतल्या शनिवारी, राजकोटच्या गेम झोनमध्ये आग लागून २७ जण गेले. अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला नसतानाही तो चालू होता. दुसरं दार दिसलं नाही तर मुलांना आत नेऊ नका.

मुलांच्या जोड्या लावा, आणि त्या जोड्या राइडवरही त्याच ठेवा, म्हणजे बांधा जुळण्याचं काम आधीच झालेलं असेल. दर शिक्षकामागे सतरा मुलं हा हिशेब मला पटत नाही. चार-पाच पालक बरोबर घ्या. पाण्यातल्या राइड असतील तर आणखी घ्या. बुडणारं मूल ओरडत नाही, गप्प होतं, आणि लाटांच्या तलावात शंभर डोक्यांत एक गप्प डोकं ओळखू येत नाही. मोठ्या माणसांचे इतके डोळे जमले नाहीत तर पाण्याचा भाग सरळ वगळा.

संमतीपत्रावर नुसती सही घेऊ नका. हृदयाचा त्रास, आकडी, दमा, अलीकडे मोडलेलं हाड, हे चारही वेगवेगळ्या ओळींत विचारा. मुलं मित्रांसमोर लपवतात, आया कागदावर लिहितात. आणि ज्याला बसायचं नाही त्याला कुणी भित्रा म्हणायचं नाही, हा नियम आधी शिक्षकांना लागू करा. तुमच्या सहकाऱ्यांपासून सुरुवात करायला हरकत नाही.

तर, जा. पण या अटींवर जा, आणि त्या मुख्याध्यापकांना लेखी द्या: कामाचा दिवस, जास्तीचे पालक, पटांगणातला सराव, आणि राइड थांबवण्याचा शेवटचा शब्द तुमचा. एकही अट नाकारली गेली तर जबाबदारी परत करा. तेव्हा नाही म्हणण्यात कमीपणा नाही.

मागच्या वर्षीचं त्या पार्कला अजूनही कळवा. तारीख, वेळ, राइडचं नाव, सीटची कितवी ओळ, ऑपरेटर काय म्हणाला. तुम्हाला भरपाई नको असेल, पण तिथे आजही त्याच बाराखाली कुणीतरी लहान-मोठे शेजारी बसतायत. उत्तर आलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिकिटामागे "आमची जबाबदारी नाही" असं छापलेलं असतं, त्याने दबून जाऊ नका. निष्काळजीपणा त्या ओळीने माफ होत नाही.

आणि ती मुलगी. ती आता नववीत असेल. ती रडली नाही याचा अर्थ तिला काही वाटलं नाही असा मुळीच नाही. माझी शंका आहे की ती मनात म्हणत असेल, मी किरकोळ आहे म्हणून असं झालं, किंवा माझ्यामुळे बाईंना त्रास झाला. तिला सरावाच्या आधी एकटीला बोलवा. बार तिला लागलाच नव्हता, तिने काहीही चुकीचं केलं नव्हतं, आणि तेव्हा तुम्ही राइड थांबवायला हवी होती, हे तिन्ही तिला तुमच्या तोंडून ऐकू द्या. तिच्या आईलाही सांगा, शक्य झाल्यास घरी जाऊन. ओठाचं तिने घरी काय कारण सांगितलं असेल कोण जाणे. मग तिला विचारा, पटांगणात काठीची फट वर्गाला दाखवायला ती उभी राहील का. नाही म्हणाली तर दुसऱ्या कुणाला घ्या, आणि तो विषय तिथेच सोडा.